आपलीच फिरकी आपल्या दारात

रत्नागिरीत जूनचा पाऊस एकदा लागला की मैदानं संपतात. क्रिकेट बंद, खो-खो बंद. मग मारुती मंदिर परिसरातल्या एखाद्या हॉलमध्ये टेबल टेनिसच्या टेबलाभोवती गर्दी वाढते. पत्र्यावर पाऊस बडवत असतो आणि खाली चेंडूची टकटक चालू असते. मी कॉलेजात असताना अशाच एका संध्याकाळी साठीतल्या एका काकांबरोबर खेळायची वेळ आली. ते टेबलाला चिकटून उभे राहिले, जागेवरून फारसे हललेही नाहीत. मी पहिलाच चेंडू जीव खाऊन टॉपस्पिन मारला. काकांनी बॅट फक्त आडवी धरली. चेंडू संथपणे परत आला, मी पुन्हा तसाच मारला आणि तो नेटमध्ये गेला. पुढचाही नेटमध्ये. म्हणून मी पवित्रा बदलला आणि अलगद कट करायला लागलो. तेही कट करत होते. पण माझा दुसरा कट हातभर वर उडाला आणि त्यांनी तो शांतपणे कोपऱ्यात ठेवला.

तिन्ही गेम गेल्यावर मी विचारलं, "काका, एवढी स्पिन तुम्ही काढता कुठून?"

"मी कुठे काढतो? ती तुझीच असते," असं म्हणून त्यांनी बॅट माझ्या हातात दिली. "काळ्या बाजूवरून अंगठा फिरव जरा."

लाल बाजू नेहमीसारखी गुळगुळीत होती. काळ्या बाजूवर रबराच्या बारीक काड्या दाटीने उभ्या होत्या आणि अंगठ्याखाली त्या एका बाजूला लवत होत्या. यालाच खेळाडू 'लाँग पिंपल' म्हणतात. नव्या खेळाडूला जेवढा त्रास हे रबर देतं, तेवढा क्वचितच दुसरं कुठलं देत असेल. त्रास होतो तो त्याचं काम कसं चालतं हे ठाऊक नसल्यामुळे. ते एकदा समजलं की काकांचं वाक्य शब्दशः खरं आहे हे पटतं.

फणसाची साल आणि भाताचा तरवा

बॅटला लावायची रबरं ढोबळमानाने चार प्रकारची. बहुतेकांच्या बॅटवर असतं ते गुळगुळीत, म्हणजे प्लेन रबर. त्याखाली स्पंजचा थर असतो. चांगल्या प्लेन रबराची पकड एवढी की चेंडू त्यावर क्षणभर चिकटल्यासारखा वाटतो. काही चिनी रबरं तर बोटाला फणसाच्या चिकासारखी लागतात.

दुसरं शॉर्ट पिंपल. यावर आखूड, जाड, ताठ पुटकुळ्या असतात. फणसाच्या सालीवरून हात फिरवला की जसे बोथट काटे लागतात, तसाच स्पर्श. हे काटे वाकत नाहीत. पण चेंडूला टेकायला मिळतात ती फक्त त्यांची टोकं, त्यामुळे पकड कमी. या रबरावरून चेंडू सपाट आणि वेगात जातो आणि पलीकडे टप्पा पडल्यावर अपेक्षेपेक्षा खाली बसतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकणारी जपानची मिमा इतो बॅकहँडला हेच रबर वापरते.

तिसरं आपलं लाँग पिंपल. इथे काड्या उंच, बारीक आणि मऊ. लावणीआधीचा तरवा वाऱ्यावर जसा लवतो, तशा या काड्या चेंडूखाली लवतात. बऱ्याचदा त्याखाली स्पंज नसतोच किंवा अगदी पातळ असतो. चौथं अँटीस्पिन. ते दिसायला गुळगुळीत, पण पावसात जांभ्यावर शेवाळ धरावं तसं निसरडं. पिंपल नसूनही ते लाँग पिंपलच्याच गोत्रातलं आहे.

काड्यांची उंचीही नियमाने बांधलेली आहे. आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या नियमाप्रमाणे काडीची उंची तिच्या जाडीच्या १.१ पटीपेक्षा जास्त चालत नाही. १९९९ पर्यंत ही मर्यादा १.३ पट होती. एका चौरस सेंटिमीटरात १० ते ३० काड्या असाव्या लागतात. काही रबरांच्या काड्यांना तर घर्षण जवळपास नसायचंच. २००८ पासून किमान घर्षणाची अट आली आणि ती रबरं बाद झाली. एवढ्या बारीकसारीक गोष्टींवर नियम करावे लागले, यावरूनच त्या काड्यांची ताकद कळते.

चेंडू बॅटला भेटतो तेव्हा

आधी फिरकीचं बघू. रस्त्यावरून पुढे जाणारं चाक जसं फिरतं, तसा पुढे जाता जाता फिरणारा चेंडू म्हणजे टॉपस्पिन. तो हवेत लवकर खाली झुकतो आणि टप्पा पडला की पुढे झेपावतो. बॅकस्पिन, म्हणजे टेबलावर आपण ज्याला 'कट' म्हणतो, त्याच्या उलट. लहानपणी सायकलचा जुना टायर पुढे फेकताना मनगटाने मागे पीळ दिला की तो थोडा पुढे जाऊन आपल्याकडेच परत यायचा. तो टायर जातो पुढे, पण फिरत असतो मागे. कट झालेला चेंडू हवेत तरंगतो आणि टप्पा पडल्यावर रेंगाळतो.

आता टॉपस्पिन चेंडू तुमच्या बॅटवर येतोय असं समजा. चेंडूची तुमच्याकडची बाजू वरून खाली फिरते आहे. प्लेन रबर तिला धरून अडवतं, आणि अडवल्यामुळे चेंडू रबरावरून वर चढतो. फिरतं चाक पायरीला टेकलं की पायरी चढू बघतं, तसाच. म्हणून टॉपस्पिन अडवताना बॅट पुढे झुकवून झाकावी लागते, नाहीतर चेंडू छताकडे जातो. कट आला तर सगळं उलट होतं. चेंडू बॅटवरून खाली सरकून नेटमध्ये जातो, म्हणून बॅट उघडावी लागते.

चेंडू आणि बॅटची ही भेट साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाची. तेवढ्यात प्लेन रबर आणखी एक काम उरकतं. चेंडूची फिरकी ते थांबवतं, स्वतः थोडं ताणलं जातं आणि सुटताना चेंडूला उलट्या बाजूने पीळ देतं. म्हणजे आलेली फिरकी मोडते आणि नवी फिरकी घडते. सगळ्या खेळाडूंचा हात याच सवयीवर तयार झालेला असतो.

लाँग पिंपलवर हे घडत नाही. चेंडू काड्यांच्या टोकांवर टेकतो, काड्या लवतात आणि चेंडू निसटतो. रबराला तो पकडताच येत नाही. पकड नाही म्हणून तो वरही चढत नाही आणि त्याची फिरकीही मोडत नाही. थोडी झिजते, बाकी सगळी तशीच राहते. चेंडू त्याच दिशेने फिरत फिरत परत निघतो.

सायकलचं चाक, दोन्ही बाजूंनी

आता मुख्य गाठ. फिरकी तीच राहिली, मग टॉपस्पिनचा कट झाला कसा?

घरातली सायकल स्टँडवर लावा आणि पेडल मारून मागचं चाक फिरवा. सायकलच्या उजवीकडे उभं राहून बघाल तर चाक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना दिसेल. आता डावीकडे या. तेच चाक काट्यांच्या उलट फिरतंय! चाकाने काहीच बदललं नाही, तुमची बाजू बदलली. टॉपस्पिन आणि कट ही नावंही अशीच आहेत. चेंडू कुठल्या दिशेने चालला आहे त्यावरून ती ठरतात. तुमच्याकडून जाताना चेंडूचा वरचा भाग पुढे फिरत होता, म्हणून तो टॉपस्पिन होता. काकांच्या काड्यांवरून तो माघारी फिरला. फिरणं तेच, पण आता चालायची दिशा उलटी. म्हणून वरचा भाग त्याच्या वाटेच्या मागे फिरतोय, आणि हाच कट.

माझे फटके नेटमध्ये का जात होते ते इथे कळतं. टॉपस्पिनचं उत्तर टॉपस्पिननेच येणार या सवयीने मी बॅट झाकत होतो. येत होता मात्र जड कट, आणि तोही मीच दिलेला. मी जेवढा जोर लावावा तेवढा जड कट परत यायचा. पट्टीचे खेळाडू चेंडूला सेकंदाला शंभराहून अधिक फेरे देतात. तशा फटक्यावर लाँग पिंपलने नुसती बॅट धरली तरी परत येणारा कट उचलताना खांदा दुखतो.

चौकट : लाँग पिंपलवर काय दिलं, काय परत आलं

जोरदार टॉपस्पिन दिला : कट परत येतो. जितका जोर, तितका कट. बॅट उघडा, खालून वर उचला किंवा नुसतं पुश करा, म्हणजे अलगद कट करत ढकला.

कट दिला : हलका टॉपस्पिन किंवा जवळजवळ मोकळा चेंडू परत येतो. कट करू नका, बॅट झाकून पुढे मारा.

बिनफिरकीचा चेंडू दिला : बिनफिरकीचाच परत येतो, कधी हवेत डुलत. घाई नको, टप्प्यानंतर नीट बघून मारा.

बाजूची फिरकी दिली : तीही बरीचशी टिकते. चेंडू बाजूला सरकेल, पायांची तयारी ठेवा.

डोळ्यांचा घोटाळा

टॉपस्पिनची गोष्ट निदान हिशेबात बसते. कटच्या बाबतीत डोळाच फसतो, आणि माझ्या मते नव्या खेळाडूचे जास्त गुण इथेच जातात.

आपण वर्षानुवर्षं समोरच्याच्या हाताकडे बघून फिरकी ओळखायला शिकलेले असतो. बॅट वरून खाली गेली की कट, खालून वर गेली की टॉपस्पिन. लाँग पिंपलवाला तुमच्या कटवर कट करतो तेव्हा त्याचा हात खरोखरच वरून खाली जातो. डोळा सांगतो, कट आला. पण काड्यांनी चेंडू पकडलेलाच नाही, त्यामुळे हाताच्या त्या हालचालीचा चेंडूवर फारसा परिणाम झालेला नाही. तुमचा कट मात्र दिशा बदलून हलका टॉपस्पिन बनून आला आहे. तुम्ही त्याला कट समजून बॅट उघडता, चेंडू रबरावर चढतो आणि छाताडाएवढा उंच उडतो. पुढचं काम समोरच्याला सोपं असतं.

म्हणून लाँग पिंपलसमोर हात बघायची सवय बाजूला ठेवावी लागते आणि त्या जागी दुसरी लावावी लागते. ती म्हणजे आपण मागचा चेंडू कसा दिला ते आठवणं. एवढं एकच कौशल्य नवीन आहे. बाकी सगळे फटके तुमच्याकडे आधीपासून असतात.

मुंबई, १९५२

पिंपल हा या खेळातला आगंतुक आहे असं पुष्कळांना वाटतं. 'हे काही खेळणं नाही,' असंही कोणी कोणी हॉलमध्ये म्हणतं. मला ते मुळीच पटत नाही. एकेकाळी सगळं जग पिंपलनेच खेळत होतं. लाकडी बॅटवर आखूड काड्यांचं रबर, खाली स्पंज नाही. चेंडू बॅटला लागला की स्वच्छ 'टक' ऐकू यायचं. पकड बेताची, फिरकी बेताची, रॅली लांबच लांब.

ही घडी मोडली ती आपल्या मुंबईत. फेब्रुवारी १९५२ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली. आशियात ती पहिल्यांदाच भरत होती. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला होता. त्या बॅटमधून आवाजच येत नव्हता. कानाने फटक्याचा अंदाज घेणाऱ्या नामवंतांना चेंडू कधी सुटला, किती जोरात सुटला, हेच कळेना. सातोने अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून पुरुष एकेरीचं विजेतेपद नेलं. त्यानंतर स्पंजचा असा पूर आला की १९५९ मध्ये महासंघाला बॅटच्या आवरणाचे नियम घालून द्यावे लागले. रबर आणि स्पंज मिळून जास्तीत जास्त ४ मिलिमीटर. स्पंजाशिवाय पिंपल असेल तर २ मिलिमीटर.

आजचं प्लेन रबरही मुळात पिंपलच आहे, फक्त उलटं लावलेलं. त्याचं एक पान स्पंजवरून सोडवून बघितलंत तर काड्या आतल्या बाजूला, स्पंजकडे तोंड करून उभ्या दिसतील. सदरा उलटा घालावा आणि शिवण आत जावी तसं. म्हणजे काकांच्या काळ्या बाजूवर होतं ते खेळाचं मूळचंच रूप, थोड्या उंच काड्यांचं.

या रबराने खेळणाऱ्यांची यादीही लहान नाही. उंचीने जेमतेम पाच फुटांची चीनची डेंग यापिंग बॅकहँडला लाँग पिंपल लावून १९९२ आणि १९९६ मिळून चार ऑलिंपिक सुवर्णपदकं घेऊन गेली. लक्झेंबर्गकडून खेळणारी नी शियालियान २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ६१ व्या वर्षी लाँग पिंपल घेऊनच उतरली होती. आणि आपली मनिका बात्रा! २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत सिंगापूरच्या फेंग तियानवेईला तिने सांघिक आणि एकेरी, दोन्हींत हरवलं आणि एकेरीचं सुवर्ण जिंकलं. तिच्या बॅकहँडवरच्या लाँग पिंपलची गुंतवळ भल्याभल्यांना सुटली नव्हती. 

लाल कुठलं, काळं कुठलं

सामना सुरू होण्याआधी समोरच्याची बॅट हातात घेऊन बघणं हा तुमचा हक्क आहे. नियमच सांगतो की खेळाडूने आपली बॅट प्रतिस्पर्ध्याला आणि पंचांना दाखवायची आणि तपासू द्यायची. आपल्याकडे पोरं संकोचाने बघतच नाहीत. बघा. अंगठा फिरवा, काड्या लवतात की ताठ राहतात ते पाहा, खाली स्पंज आहे का ते कडेने पाहा. आणि मनात पक्कं करा : पिंपल काळ्याला आहे की लालला.

पूर्वी दोन्ही बाजू एकाच रंगाच्या चालायच्या. चिनी खेळाडू टेबलाखाली बॅट फिरवायचे आणि चेंडू कुठल्या बाजूने आला हे समोरच्याला कळायचंच नाही. म्हणून १९८० च्या दशकात दोन बाजूंना दोन रंग सक्तीचे झाले. २०२१ पासून लालऐवजी गुलाबी, जांभळा, हिरवा किंवा निळाही चालतो. एक बाजू मात्र काळीच लागते. बॅट फिरवायला आजही मुभा आहे आणि मनिकासारखी खेळाडू रॅलीच्या मधोमध ती फिरवते. म्हणून नजर समोरच्याच्या मनगटाऐवजी बॅटच्या रंगावर ठेवायची.

मग खेळायचं कसं

काड्यांना स्वतःचं असं फारसं काही देता येत नाही. वेग तुमचा, फिरकी तुमची. म्हणून पहिला उपाय, काही देऊच नका. पिंपलच्या बाजूला लांब, बिनफिरकीची सर्व्हिस टाका. समोरच्याकडे परत पाठवायला काहीच नसतं. चेंडू साधा येतो आणि तिसरा फटका तुमच्या मनासारखा मारता येतो. सर्व्हिसमध्ये भरपूर कारागिरी करणाऱ्या खेळाडूला हे जिवावर येतं, पण लाँग पिंपलसमोर साधी सर्व्हिसच जास्त उपयोगी पडते.

दुसरा उपाय लयीचा. टॉपस्पिनवर टॉपस्पिन, पुन्हा टॉपस्पिन असा धडाका लावला की प्रत्येक वेळी जड कट उचलावा लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या चेंडूला हात ढिला पडतो. त्याऐवजी एक टॉपस्पिन, मग एक पुश. टॉपस्पिनवर कट परत येईल, तो पुश करून पुन्हा पिंपलवरच द्या. त्या पुशवर हलका, मोकळा चेंडू येईल आणि तो मारायचा. टॉपस्पिन, पुश, फटका. भातलावणीला जशी चाल असते तशी ही चाल हातात बसली पाहिजे.

जोर किती लावायचा? वाटतो त्याहून कमी. लाँग पिंपलवाला टेबलाजवळ उभा असतो तो तुमच्या वेगाची वाट बघत. संथ पण खोल टाकलेला टॉपस्पिन त्याला जास्त अडचणीत टाकतो, कारण वेग नसला की त्याच्या ब्लॉकमधला चावा जातो. आणि जागा बदलत राहा. एक चेंडू कोपराच्या रेषेत, जिथे फोरहँड घ्यावा की बॅकहँड हे ठरेना. पुढचा फोरहँडकडे लांब, त्याच्या प्लेन रबरावर. तिथे नेहमीचे नियम परत लागू होतात, ते मात्र विसरायचं नाही.

शॉर्ट पिंपलसमोर हा सगळा हिशेब चालत नाही. तिथे फिरकी उलटून येत नाही, चेंडू सपाट आणि खाली बसणारा येतो. तिथे एवढंच पुरे : थोडं पुढे सरकायचं, गुडघे वाकवायचे आणि चेंडूला स्वतःच्या हाताने वर उचलायचं.

पावसाळ्यातलं रबर

आपल्याकडची एक गोष्ट पुस्तकातल्या सल्ल्यात सहसा नसते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या दिवसांत हॉलमधल्या हवेचा दमटपणा चेंडूवर आणि प्लेन रबरावर पातळ पदरासारखा बसतो. पकड जाते. मारलेला टॉपस्पिन घसरून नेटमध्ये जातो आणि खेळाडू स्वतःच्या हाताला दोष देतो. पिंपलची पकड मुळातच कमी, त्याचं या दमटपणाने फारसं नुकसान होत नाही. म्हणून जुलैच्या सामन्यात लाँग पिंपलवाला समोर आला तर स्वच्छ, कोरडा रुमाल जवळ ठेवा. दर सहा गुणांनंतर टॉवेल घ्यायची मुभा असते, तेव्हा रबर आणि चेंडू दोन्ही पुसा. खेळून झालं की रबरावर प्लास्टिकचा कागद लावून बॅट पेटीत ठेवा.

काकांनी मला पुढे शिकवलं ते एका साध्या पद्धतीने. ते पिंपल घेऊन उभे राहायचे आणि मी चेंडू मारल्या मारल्या मोठ्याने सांगायचं, आपण काय दिलं ते. "टॉप." चेंडू त्यांच्याकडून परत येईपर्यंत पुढचा शब्द बोलायचा, काय येणार ते. "कट." मग पुश करताना पुन्हा "कट", आणि परत येताना "मोकळा". सुरुवातीला तोंड मागे राहायचं, शब्द सुचेपर्यंत चेंडू येऊन गेलेला असायचा. ते थांबायचे, नवा चेंडू द्यायचे. गुण मोजायचे नाहीत, जोरात मारायचं नाही. पावसाच्या आवाजावरून मला ओरडावं लागायचं आणि शेजारच्या टेबलावरची मुलं वळून बघायची. तोंड आणि चेंडू एका चालीत आले की मग आवाज हळूहळू खाली आणायचा, नुसते ओठ हलवायचे, आणि शेवटी तेही नाही. तुमच्या हॉलमध्ये लाँग पिंपल खेळणारं कोणी असेल तर रोज त्यांची पंधरा मिनिटं मागून घ्या, आणि पहिला आठवडा फक्त बोलत खेळा.